समुद्री मासळीतला पारा : कोणता मासा, किती आणि कोणासाठी

मासळी बाजारात नव्याने जाऊ लागलेल्या माणसाला ताजेपणा ओळखायला कोणीही शिकवते. कल्ले लाल असावेत, डोळे फुगीर असावेत, बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर यावे. पाऱ्याच्या बाबतीत या खुणांचा काहीही उपयोग होत नाही, कारण जास्त पारा असलेला मासा दिसायला, वासाला आणि चवीला कमी पारा असलेल्या माशासारखाच असतो. आणि पारा अजिबात नाही असा समुद्री मासा तर कुठेच मिळत नाही. म्हणून माशाची जात कोणती, तो किती वाढलेला आहे आणि तो घरातल्या कोणाच्या ताटात जाणार आहे, या तीन प्रश्नांवर निवड करावी लागते. मासे नव्याने विकत घेऊ लागलेले लोक, मूल होण्याचा विचार करणारी जोडपी आणि लहान मुलांना मासे सुरू करणारे आईवडील यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. मासे सोडून द्या, असा सल्ला यात कुठेही नाही.

पहिली पायरी : पारा माशात येतो कसा, हे समजून घ्या

थर्मामीटरमधला चकाकणारा पारा आणि माशातला पारा ही एकाच मूलद्रव्याची वेगवेगळी रूपे आहेत. द्रवरूप पारा चुकून गिळला गेला तर तो आतड्यातून फारसा शोषला जात नाही; त्याची वाफ श्वासावाटे जाणे अधिक घातक असते. माशात असतो तो मुख्यतः मिथाइल मर्क्युरी हा सेंद्रिय प्रकार. तो पोटात गेल्यावर सुमारे ९५ टक्के शोषला जातो, रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो आणि वारेतून गर्भापर्यंतही जातो. नाळेच्या रक्तातले त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्या प्रमाणापेक्षाही अधिक आढळते, आणि गरोदर स्त्रीच्या आहाराबद्दल जगभर जी काळजी घेतली जाते तिचे मूळ याच गोष्टीत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या जागतिक आढाव्यानुसार माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के वाटा लहान प्रमाणावरील सोन्याच्या खाणकामाचा आहे आणि सुमारे २१ टक्के वाटा कोळसा जाळण्याचा आहे. हवेत गेलेला हा पारा दूरवर वाहत जाऊन पावसाबरोबर समुद्रात उतरतो. तिथे प्राणवायू कमी असलेल्या गाळात आणि पाण्याच्या थरांत राहणारे जिवाणू त्याचे मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात. पुढे प्लवंग म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, प्लवंग खाणारे लहान मासे, लहान मासे खाणारे मध्यम मासे आणि त्यांना खाणारे मोठे शिकारी मासे अशी साखळी चढत जाते. शरीरात आलेला पारा मासा फार हळू बाहेर टाकतो, त्यामुळे साखळीच्या प्रत्येक कडीला तो साठत जातो आणि टोकाच्या माशात त्याचे प्रमाण आजूबाजूच्या पाण्याच्या लक्षावधी पट होऊ शकते. भर समुद्रात, कोणत्याही कारखान्यापासून शेकडो किलोमीटर दूर पकडलेल्या मोठ्या टुनामध्ये पारा का सापडतो, याचे उत्तर यात आहे.

पाऱ्याचा विषय निघाला की मिनामाताचे नाव येतेच. जपानच्या कुमामोतो प्रांतातल्या या गावी चिस्सो कंपनीच्या कारखान्याने १९३२ पासून १९६८ पर्यंत पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडले. तिथली मासळी खाणाऱ्या लोकांना झालेल्या आजाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ रोजी झाली. हातापायांना बधिरता, चालताना तोल जाणे, दृष्टीचे क्षेत्र आक्रसणे, बोलणे अडखळणे आणि जन्मतःच मेंदूला इजा झालेली मुले, असे त्या आजाराचे स्वरूप होते. पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय करारालाही याच गावाचे नाव आहे. तो २०१३ मध्ये स्वीकारला गेला, २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने त्याला २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले. मात्र मिनामाताच्या खाडीतली मासळी थेट कारखान्याच्या पाण्यात वाढलेली होती. आपल्या बाजारातल्या मासळीची तिच्याशी बरोबरी करून घाबरून जाण्याचे कारण नाही. आपल्यापुढचा प्रश्न हळूहळू साठणाऱ्या, लक्षणे न दाखवणाऱ्या प्रमाणाचा आहे.

दुसरी पायरी : घरात कोण खाणार आहे, ते आधी ठरवा

एकाच घरात एकच कालवण सर्वांच्या ताटात जाते, पण पाऱ्याची काळजी सर्वांना सारखी लागत नाही. सर्वांत वरच्या स्थानी गरोदर स्त्री, मूल होऊ देण्याचा विचार करणारी स्त्री आणि अंगावर पाजणारी आई येते. त्यानंतर लहान मुले, आणि मग बाकीचे प्रौढ. मिथाइल मर्क्युरी शरीरातून निम्मे होण्यास साधारण दीड ते अडीच महिने लागतात, त्यामुळे दिवस राहिल्याचे कळल्यावर मोठे मासे बंद केले तरी आधीचा साठा काही महिने राहतोच. गरोदरपणाची योजना असेल तर हा बदल चार-सहा महिने आधी करणे शहाणपणाचे ठरते.

शास्त्रज्ञांचे या विषयावर पूर्ण एकमत नाही, हेही वाचकाला माहीत असावे. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. गरोदरपणी आईच्या शरीरात पारा जितका अधिक, तितकी सात वर्षांच्या मुलांच्या भाषा, लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत थोडी घट दिसली. त्या बेटांवर पाऱ्याचा मुख्य मार्ग पायलट व्हेल या देवमाशाचे मांस हा होता. हिंदी महासागरातल्या सेशेल्समध्ये माता रोज समुद्री मासे खातात. तिथल्या अभ्यासात मात्र तसा स्पष्ट अपाय आढळला नाही. माशातील ओमेगा-३ मेदाम्ले मेंदूच्या वाढीला पोषक असल्याने मासळीचे गुण आणि पाऱ्याचे दोष एकमेकांत मिसळलेले असतात, असा त्यातून निघणारा अर्थ मला सर्वाधिक पटतो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या २०१० च्या संयुक्त तज्ज्ञगटानेही मासे खाण्याचे फायदे ठळकपणे मान्य केले आहेत. पाऱ्याच्या भीतीने गरोदर सुनेचे मासे पूर्ण बंद करणारी सासू आणि डोहाळे म्हणून रोज सुरमईची तुकडी देणारी आई, दोघीही सारख्याच चुकतात.

तिसरी पायरी : टोपलीतली मासळी तीन गटांत ओळखा

निश्चिंतपणे घेण्याजोग्या गटात बांगडा, तारली, पेडवे, मांदेली, बोंबील, पापलेट, हलवा, मुडदुशी, लेपा, कोळंबी, करंदी, जवळा, माकूल आणि खेकडे येतात. बांगडा आणि तारली हे प्लवंगावर जगणारे, दोन-चार वर्षांत आयुष्य संपणारे मासे आहेत. त्यांच्यात पारा साठायला वेळच मिळत नाही. बोंबील स्वतः शिकारी असला तरी अल्पायुषी आहे. शिवाय बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ भरपूर असते, म्हणजे गरोदर स्त्रीला जे हवे ते या स्वस्त माशांत सर्वाधिक आणि जे नको ते सर्वांत कमी. महागडा मासा तो पौष्टिक, या समजाला इथे तडा जातो. पाहुण्यांसाठी पापलेट-सुरमई आणि घरच्यांसाठी बांगडा अशी विभागणी करणाऱ्या गृहिणी नकळत घरच्यांचे भलेच करत आल्या आहेत.

मधल्या गटात रावस, घोळ, तांबोशी, करली, जिताडा, शिंगाळा, लहान गेदर म्हणजे कुपा, आणि किलो-दीड किलोपर्यंतची सुरमई हे मासे धरावेत. हे मासे इतर मासे खातात, त्यामुळे पाऱ्याची पातळी वाढू लागते, पण टोकाला गेलेली नसते. गरोदर स्त्रीने आणि मुलांनी या गटातले आठवड्यातून एकदा खावे आणि त्या आठवड्यातली उरलेली मासळी पहिल्या गटातून घ्यावी.

तिसरा गट टाळण्याचा. त्यात मोरी म्हणजे शार्क, तलवार मासा, मार्लिन, मोठे टुना, मोठी सुरमई, मोठा हेकरू आणि मोठी वाम येतात. मोरीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. किनारपट्टीवर बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देण्याची पद्धत घरोघर आहे आणि ती प्रेमापोटीच चालत आली आहे. पण शार्क हा साखळीच्या टोकाचा, सावकाश वाढणारा आणि दीर्घायुषी मासा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदींत शार्कमधील पाऱ्याची सरासरी किलोमागे ०.९८ मिलिग्रॅम आहे, तर तारलीच्या जातकुळीतल्या सार्डिनची ०.०१३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दोघांत सत्तर पटींहून अधिक अंतर पडते. बाजारात येणारी हातभर लांबीची मुशी मोठ्या शार्कइतकी वाईट नसते हे खरे, तरी बाळंतिणीच्या ताटासाठी बांगड्याचे तिखले किंवा मांदेलीचे सार तिच्यापेक्षा कितीतरी योग्य आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला हे सांगताना ‘मोरी विषारी आहे’ असे म्हणू नये. ‘आजी, यंदा बांगड्यावर भागवू, डॉक्टरांनी मोठा मासा नको म्हटलंय’ एवढे पुरते.

सुरमईचा गोंधळ वेगळा आहे. परदेशी याद्यांत ‘किंग मॅकरेल’ टाळा असे लिहिलेले असते आणि आपल्याकडच्या दुकानांत सुरमई ‘किंगफिश’ या नावाने विकली जाते. हे दोन मासे एक नाहीत. पहिला अटलांटिकमधला आहे आणि आपली सुरमई हिंदी महासागरातली, त्याच कुळातली बहीण आहे. तरी दोघींचे खाणे, आकार आणि वाढ सारख्याच प्रकारची असल्याने चार-पाच किलोंच्या पुढच्या सुरमईला मी त्याच नियमात बसवतो.

चौथी पायरी : आकार विचारा, पण पिल्ले घेऊ नका

एकाच जातीत मासा जितका मोठा, तितके त्याचे वय अधिक आणि तितका पारा अधिक. त्यामुळे तुकड्या विकत घेताना अख्खा मासा केवढा होता हे विचारण्याची सवय लावावी. ‘मावशी, अख्खी सुरमई किती किलोची होती?’ या प्रश्नाचे उत्तर कोळीण बहुधा अभिमानानेच देते, कारण मोठा मासा ही तिच्या दृष्टीने मालाची तारीफ असते. उत्तर मिळाले नाही तर तुकडीचा घेर पाहावा आणि मधला काटा पाहावा. ताटलीभर पसरलेली, जाड मणक्याची तुकडी मोठ्या माशाचीच असते. खाणावळीतल्या थाळीत सुरमईची भलीमोठी तुकडी मिरवली जाते, तिलाही हाच न्याय लावावा.

यातून एक चुकीचा निष्कर्ष काढण्याचा धोका आहे, तो म्हणजे मोठ्या जातींची पिल्ले मागणे. वीतभर सुरमई किंवा हाताच्या पंजाएवढे पापलेट घेतले तर पारा कमी मिळेल, पण तो मासा एकदाही अंडी न घालता संपतो आणि पुढच्या हंगामाची मासळी घटते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली, ती याच कारणाने. मोठ्या जातीचा कोवळा मासा न घेता मुळातच लहान जातीचा पूर्ण वाढलेला मासा घ्यावा; म्हणजे बांगडा, तारली, मांदेली, बोंबील. पारा आणि मासळीसाठा या दोन्ही प्रश्नांचे उत्तर इथे एकाच टोपलीत सापडते.

पाचवी पायरी : आठवड्याचा हिशेब एकदा कागदावर मांडा

हिशेब सोपा आहे. किलोमागे जितके मिलिग्रॅम, ग्रॅममागे तितकेच मायक्रोग्रॅम. तो आकडा खाल्लेल्या ग्रॅमने गुणावा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने मिथाइल मर्क्युरीसाठी आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये ती १.३ केली. अमेरिकी पर्यावरण संस्थेचे मानक अधिक कडक आहे. ते दिवसाला ०.१ म्हणजे आठवड्याला ०.७ पडते.

साठ किलो वजनाच्या स्त्रीसाठी १.६ च्या हिशेबाने आठवड्याची मर्यादा ९६ मायक्रोग्रॅम होते. अमेरिकी सरासरी वापरल्यास शार्कच्या १५० ग्रॅममध्ये सुमारे १४७, किंग मॅकरेलच्या तेवढ्याच मांसात सुमारे ११० आणि यलोफिन टुनात सुमारे ५३ मायक्रोग्रॅम पारा असतो, तर अटलांटिक मॅकरेलमध्ये साडेसात आणि कोळंबीत दीडहून कमी. मोरीचे एक जेवण आठवड्याचा कोटा ओलांडते आणि कोळंबी रोज खाल्ली तरी त्याच्या जवळपासही जात नाही. पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा अवघी २४ आहे. त्याला मोठ्या शिकारी माशाचे ५० ग्रॅम दिले तर ३५ च्या पुढे जाते आणि बांगड्यासारख्या माशाचे ५० ग्रॅम दिले तर अडीच-तीनच होते. हे आकडे अमेरिकी बाजारातल्या माशांचे आहेत, म्हणून ते आपल्या मासळीला अचूक मोजमाप म्हणून लावू नयेत. कोणता मासा वर आणि कोणता खाली, हा क्रम समजण्यासाठी ते पुरेसे आहेत. एखाद्या आठवड्यात मर्यादा ओलांडली म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण ही मर्यादा दीर्घकाळच्या सरासरीची आहे. पुढचे दोन आठवडे लहान मासळी खावी, म्हणजे सरासरी खाली येते.

या ठिकाणी सरकारी मर्यादांबद्दलही एक खुलासा करतो. भारताच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत माशांसाठी किलोमागे ०.५ मिलिग्रॅम अशी पाऱ्याची मर्यादा होती. युरोपात सर्वसाधारण मर्यादा ०.५, मोठ्या शिकारी माशांना १, आणि २०२२ पासून सार्डिन-मॅकरेलसारख्या काही जातींना ०.३ अशी आहे. शिकारी माशांना दिलेली सवलत ते अधिक सुरक्षित आहेत म्हणून दिलेली नाही. त्यांना खालची मर्यादा लावली तर त्यातले बरेच मासे विकताच येणार नाहीत, म्हणून ती दिलेली आहे. ‘मर्यादेच्या आत’ असे लिहिलेला टुना आणि ‘मर्यादेच्या आत’ असलेली तारली या एकसारख्या वस्तू नव्हेत.

सहावी पायरी : स्वयंपाकघराकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका

मिथाइल मर्क्युरी माशाच्या मांसातल्या प्रथिनांना बांधलेले असते. त्यामुळे मीठ-हळद लावून धुणे, लिंबू, चिंच किंवा कोकम यांत मुरवणे, कातडी काढणे, डोके टाकून देणे, तळणे किंवा उकडणे यांपैकी कशानेही ते जात नाही. तळताना पाणी उडून जाते, त्यामुळे ग्रॅममागचे प्रमाण उलट किंचित वाढते. चरबीत साठणाऱ्या काही इतर प्रदूषकांसाठी कातडी आणि चरबी काढण्याचा उपयोग होतो. तो सल्ला पाऱ्याला चिकटवू नये.

सातवी पायरी : सुकी, डबाबंद आणि खाडीतली मासळी

ताज्या माशात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. सुकवल्यावर पाणी जाते आणि पारा राहतो, म्हणून सुक्या माशात ग्रॅममागे तो कितीतरी पट दिसतो. सुके बोंबील, जवळा, करंदी यांत मुळातच पारा कमी आणि खाण्यात येतो तो मूठभर, त्यामुळे चिंता नाही. सुकी मोरी मात्र दुप्पट कारणाने टाळावी.

खाडीतल्या मासळीचा नियम वेगळा आहे, कारण तिथे प्रश्न स्थानिक सांडपाण्याचा असतो. ठाण्याच्या खाडीत पारा आढळल्याच्या नोंदी १९८० च्या दशकाच्या आरंभापासून आहेत. औद्योगिक पट्ट्याला लागून असलेल्या खाडीतल्या तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, कालवे आणि गाळात चरणारे मासे नेहमीच्या आहारात ठेवू नयेत. पारा त्यांत कमी भरला तरी इतर जड धातू आणि मैलापाणी यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी त्या देशाचा सल्ला आधी पाहावा. अमेरिकेत गरोदर स्त्रियांना कमी पाऱ्याच्या गटातले मासे आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे ११३ ग्रॅम, असे सांगितले जाते आणि शार्क, तलवार मासा, मार्लिन, किंग मॅकरेल, बिगआय टुना पूर्ण वर्ज्य आहेत. डब्यातल्या ‘लाइट’ टुनात पारा सरासरी किलोमागे ०.१३ मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि ‘अल्बाकोर’ अथवा पांढऱ्या टुनात ०.३५ च्या, म्हणून डब्यावरचा शब्द वाचल्याशिवाय तो टोपलीत टाकू नये. ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रीला आठवड्याला टुनाचे जास्तीत जास्त चार मध्यम डबे किंवा दोन तुकड्या अशी मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियात शार्क ‘फ्लेक’ या नावाने विकला जातो, हे नव्याने गेलेल्यांच्या लक्षातही येत नाही. तिथे गरोदर स्त्रीने तो खाल्लाच तर पंधरवड्यातून एकदा १५० ग्रॅम आणि त्या पंधरवड्यात दुसरा कोणताही मासा नाही, असा नियम सांगितला जातो. आखातात ‘हमूर’ म्हणून मिळणारा मासा हेकरूच्या कुळातला आहे आणि ‘कनाद’ ही आपली सुरमईच, म्हणून त्यांना वर सांगितलेले आकाराचे नियम लागू करावेत.

आठवी पायरी : तपासणी कोणी आणि कोणती करावी

पहिल्या गटातली मासळी खाणाऱ्याला तपासणीची गरज नाही. जो वर्षानुवर्षे आठवड्यातून अनेकदा मोठा टुना, मोरी किंवा मोठी सुरमई खात आला आहे, किंवा तशी सवय असताना जिला मूल हवे आहे, तिने डॉक्टरांशी बोलून रक्तातील एकूण पारा तपासून घ्यावा; केसांची तपासणीही या कामी चालते आणि ती मागच्या काही महिन्यांचा अंदाज देते. लघवीची तपासणी इथे उपयोगाची नाही, कारण माशातून आलेले मिथाइल मर्क्युरी मुख्यतः शौचावाटे बाहेर पडते. लघवीचा अहवाल स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी मुद्दाम मासे बंद करण्याने आकडा फारसा बदलत नाही, तेव्हा नेहमीचाच आहार ठेवून जावे आणि काय-किती खाता ते डॉक्टरांना खरे सांगावे. शरीरातून पारा ‘काढणारी’ चूर्णे, गोळ्या किंवा सलाइन स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांपैकी खरी औषधे विषबाधेसाठी असतात, त्यांचे दुष्परिणाम मोठे असतात आणि नेहमीच्या मासळीतून वाढलेला आकडा खाली आणायला मोठा मासा बंद करून काही महिने थांबणे पुरते. तीन-चार महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासावे, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.